तूपबाई आणि घोडीचा उपास

तूपबाईंनी अख्खा लाडू खाल्लेला मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. बेसनाचा असो, रव्याचा असो, लग्नातला बुंदीचा असो, हातात आला की पहिल्यांदा त्या तो फोडायच्या. फोडायच्या म्हणजे पार भुगा करायच्या. मग तोच भुगा तळहातावर घेऊन, जिभेचं टोक ओठाबाहेर काढून, पुन्हा लाडू वळायच्या आणि मगच तोंडात टाकायच्या. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याची खात्रीच पटायची. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी इतिहास. स्टाफरूममध्ये आमचं टेबल एकच, त्यामुळे तो सगळा भुगा माझ्या पेपरांच्या गठ्ठ्यावर सांडायचा.

तूपबाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. अंगाने म्हणाल तर बाई इतक्या काटकुळ्या, की नौपाड्यातून चालताना जोराचा वारा सुटला तर पदर धरावा की स्वतःला धरावं हा प्रश्न. पण तोंडात सदानकदा तूप, तेल, लोणी, चरबी. त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता, घोडीच्या पोटातल्या शिंगराला आईच्या अंगातलं तूप वारेतून पोचतं कसं. वार म्हणजे बाळंतपणात पोरामागून पडते ती. ऐकणारा हमखास विचारायचा, "घोडीच का? गाय घ्या, म्हैस घ्या." त्यावर बाई म्हणायच्या, "गाईवर सगळेच करतात हो. बिचाऱ्या घोडीची वार कोणी बघतसुद्धा नाही." जणू काही घोडीने येऊन त्यांच्याकडे तक्रार केली होती.

माणसांना त्या नावाने हाक मारत नसत, विषयाने मारत. मी 'अगं इतिहास', समोरच्या टेबलावरचे सर 'अहो भूगोल', आणि प्राचार्य त्यांच्या पाठीमागे 'अर्थशास्त्र'. एकदा त्यांनी या भूगोलाला चक्क शिंगरू केलं. मला कुठून बुद्धी झाली आणि मी विचारलं, "बाई, आईचं तूप पोराला जातं म्हणजे नक्की काय होतं?" झालं! बाईंनी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू काढला, भूगोल सरांना व्हरांड्यात खिडकीबाहेर उभं केलं, आणि स्वतः आत गजांपाशी उभ्या राहिल्या. "मी आई. तुम्ही शिंगरू. हे गज म्हणजे वार. घोडीची वार फार जाड असते, आईचं रक्त आणि पोराचं रक्त यांच्यामध्ये सहा पडदे. आता आईने अख्खा लाडू दिला तर?" लाडू गजांना टेकला. "अडकला! म्हणून काय करायचं? फोडायचा!" त्यांनी भुगा केला आणि गजांतून सरांच्या ओंजळीत सोडला. "आता वळा. नीट वळा हो, शिंगरू आहात तुम्ही!" आमचे सर भला मोठा माणूस, मिशा वगैरे. व्हरांड्यातली पोरं बघतायत आणि हे लाडू वळतायत.

"आई पोराला लाडू देत नाही गं," बाई मला म्हणाल्या, "लाडवाचं सामान देते. आपापला लाडू ज्याने त्याने वळायचा." मी खिडकीच्या पट्टीवर सांडलेलं कूट दाखवून विचारलं, "आणि हे वाटेत पडलं ते?" बाई खूश झाल्या. "ते वारेचं! मधला माणूस थोडं ठेवून घेतोच. तिलाही जगायचंय ना." ते कूट त्यांनी बोटाने टिपलं आणि खाऊन टाकलं.

आता ठाण्यात घोडीची वार मिळणार कुठे? बाई वर्षानुवर्षं शोधात होत्या. आणि एके दिवशी ती त्यांना सापडली, तीही भर वरातीत. आम्ही दोघी नौपाड्यातून चाललो होतो. समोरून वरात आली, बँडबाजा, फेटे, आणि पांढऱ्या घोडीवर चांगला भरदार नवरदेव. बाई थांबल्या. डोळे बारीक केले. आणि मला काही कळायच्या आत वरातीत घुसून त्यांनी घोडीच्या पोटाला हात लावला. नेमका त्याच वेळी बँड एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात जायला थांबलेला, आणि त्या शांततेत बाईंचा वर्गातला खणखणीत आवाज घुमला, "कितवा महिना?"

नवरदेवाच्या आत्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. वरातीत कुजबूज सुरू झाली, सामोरी आलेली नवरीकडची मंडळी लालबुंद झाली. घोडेवाला दामू तेवढा शांत. "सहावा लागला, मॅडम," तो म्हणाला. बाई नवरदेवाकडे वर बघून म्हणाल्या, "उतर रे बाबा. ती दोन जिवांची आहे आणि तू एकटाच दोघांएवढा आहेस." आणि उतरला की तो! पुढची वरात पायी गेली. त्या लग्नात आम्हाला आमंत्रण नव्हतं हे बरंच झालं.

त्या दिवसापासून दामू आमच्यातलाच झाला. टेंभी नाक्यामागच्या गल्लीत त्याचं घर आणि घराला लागून पत्र्याचा तबेला. मूळचे मिठागरावर राबणारे आगरी लोक. बापाचा टांगा होता, पुढे टांगे गेले आणि घोडी राहिली. ती ही चांदणी. दामूने तिला वरातीतून रजा दिली आणि बाईंना शब्द दिला, "मॅडम, वार पडली की पहिली तुमाला खबर." बाईंनी आनंदाने स्टाफरूममध्ये पेढे वाटले. योगायोग असा की मलाही तेव्हाच दिवस गेले होते. मग काय विचारता! रोज डोंबिवलीहून येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच प्रश्न, "इतिहास, पाय सुजतात का? चांदणीचे नाही सुजत." मी चिडायचे. "बाई, मला घोडीच्या रांगेत का बसवता?" "अगं, तुझी तारीख तिच्या एक महिना मागे आहे. तुलना सोपी जाते."

नवरात्राची तिसरी माळ होती. दुपारी दामू कॉलेजच्या दारात उभा. तोंड उतरलेलं. "मॅडम, चांदणी दोन दिस काय खात नाय."

"काय देता?" बाईंनी विचारलं.

"राजगिरा."

"काय?"

"काल शिंगाडा दिला. परवा साबुदाण्याची खिचडी दिली, वर जिरं पन घातलेलं. हुंगते नि तोंड फिरवते."

बाई खुर्चीतून उठल्याच. "अहो, हरभरा कुठे गेला? कोंडा? पेंढा?"

"उपास हाय ना तिचा," दामू खालमानेने म्हणाला. "आईने घातलाय. हरभरा उपासाला चालत नाय. कोंडा गव्हाचा. पेंढा भाताचा. धान्य सगला बंद."

मला हसू फुटलं. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की ते जागच्या जागी विरलं. "हसतेस काय? दिवस भरत आलेली घोडी उपाशी राहिली की अंगावरची चरबी वितळून रक्तात लोंढ्यासारखी येते. पिशवीला चुकीचा निरोप जातो. तिला वाटतं वेळ झाली, आणि कळा आधीच सुरू होतात. इतक्या लवकर आलेलं शिंगरू वाचत नाही." पर्स उचलता उचलता त्या म्हणाल्या, "चल इतिहास. तू पुरावा आहेस." अशा तऱ्हेने सात महिन्यांचा पुरावा रिक्षात बसला.

टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाची ही गर्दी! रिक्षा नाक्याच्या अलीकडेच थांबली. बाईंनी मला पुढे घातलं आणि "पोटुशी आहे, पोटुशी आहे, वाट द्या" असं ओरडत आम्ही गल्लीत पोचलो. लोक माझ्यासाठी बाजूला होत होते, आणि बाई खरं तर घोडीबद्दल ओरडत होत्या.

दामूची आई हिराबाय ओट्यावर बसली होती. स्वतःचाही कडक उपास, आवाज खोल गेलेला. बाईंनी तोफ सुरू केली. हिराबायने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाय, घोरी काय परकी हाय? घरान सगल्यांना उपास, तवा तिला पन. मागच्या टायमाला तिचा शिंगरू मेलेला झाला. दामूचा बाप त्या दिशी जेवला नाय. आवंदा मी देवीला बोलले, जिता दे, आख्खा घर तुझा उपास करील. आख्खा घर म्हंजे चांदणी पन आली."

बाईंची तोफ थंडावली. त्या तबेल्यात गेल्या. चांदणी भिंतीला टेकून उभी होती, मान खाली, पुढ्यात राजगिऱ्याची परात जशीच्या तशी. बाईंनी हिराबायला खिडकीपाशी बोलावलं, घरातला शेंगदाण्याचा लाडू मागून घेतला, आणि गजांतून तोच सगळा खेळ पुन्हा केला. आई, वार, शिंगरू, भुगा, वळणं. हिराबायने पलीकडून मुकाट्याने लाडू वळला. पट्टीवर सांडलेल्या कुटाकडे बोट दाखवून तिनेही नेमकं माझंच विचारलं, आणि बाईंनी तेच उत्तर दिलं. "आता आई उपाशी असेल," बाई म्हणाल्या, "तर फोडायला लाडूच नाही. शिंगरू पलीकडे हात पसरून बसलंय."

हिराबायच्या डोळ्यांत पाणी आलं. "समजला मना. पन बोललेला शब्द फिरवू कसा? उपास मोरला आणि शिंगरू गेला, तर देवीला काय तोंड दाखवू? नाय मोरला आणि गेला, तर चांदणीला काय तोंड दाखवू?"

बाईंनी लाडवाचे हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "तिचा उपास मला द्या. शब्द तुमचा, पोट माझं. बदली उपास चालतो ना तुमच्यात?"

मी त्यांच्या कोपराला चिमटा काढला. ज्या बाईला अकरा वाजता खायला मिळालं नाही तर हात थरथरतात, ती उपास करणार? हिराबायलाही शंका आलीच. "तुमी शिकलेल्या बाया उपासाला दुप्पट खाता. तूप घालून खिचरी, बटाट्याची भाजी, वर खोबरं. मना ठावं हाय." यावर मी खांद्यावरची पिशवी मागे सरकवली, कारण तिच्यातल्या डब्यात तेच होतं. "चांदणीला दिला तोच खावा लागंल. नुस्ता राजगिरा नि शिंगारा. आणि पायान चप्पल नाय."

"चप्पल का नाही?"

"घोरी चप्पल घालते का?"

बाईंनी तिथेच चपला काढून माझ्या हातात दिल्या. दामूने हरभरा भिजत घातला होताच, चांगला मऊ. बाई म्हणाल्या, आधी थोडाच द्या, उपाशी पोट आहे. ओला हरभरा बघून चांदणीने कान टवकारले. ती कराकरा चावू लागली आणि हिराबायने देवीच्या दिशेला हात जोडले. आम्ही नाक्यापर्यंत चालत आलो. वाटेत खडा टोचला तशी बाई कळवळून म्हणाल्या, "इतिहास, हा अन्याय आहे. घोडीला निदान नाल असतो."

ते दिवस स्टाफरूमने कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. एरवी सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या बाई उपासाने अशा खवळल्या की शिपाई चहाचा ट्रे दारातूनच परत न्यायचा. भूगोल सरांनी चुकून गरम बटाटेवडे आणले आणि कागद सोडला. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "अहो भूगोल, दुसऱ्या खंडात जाऊन खा." सर बिचारे व्हरांड्यात गेले. मीही त्यांच्या मागोमाग गेले, कारण मला डोहाळे लागले होते आणि वडा सोडणं शक्य नव्हतं. एकदा शिकवता शिकवता बाईंना चक्कर आली. त्या वर्गातल्या चौथऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं. सांगा, आत्ता माझ्या रक्तात काय धावतंय?" सगळा वर्ग ओरडला, "चरबी!" "चूक," बाई म्हणाल्या, "माझ्या अंगावर आहेच कुठे!"

पण रोज संध्याकाळी अनवाणी टेंभी नाक्याला जायच्याच. ओट्यावर त्या आणि हिराबाय, दोघी उपाशी, शेजारी शेजारी बसायच्या आणि चांदणीला खाताना बघायच्या. एकदा मी सोबत गेलेले तर हिराबाय म्हणत होती, "बघ कशी खाते भवानी. आपल्याला इचारत पन नाय." दोघी पोट धरून हसत होत्या. भुकेल्या माणसाला हसायला फार कष्ट पडतात, हे मला तेव्हा कळलं. दसऱ्याला हिराबायने बाईंच्या हातात पहिला लाडू ठेवला. बाईंनी तो फोडायला घेतला तशी ती किंचाळली, "आगो खा ना आता बाय, फोरतेस काय!"

दिवाळी झाली आणि एका सकाळी दामूचा निरोप आला. बाईंनी वर्ग सोडला, बर्फ भरलेला स्टीलचा डबा उचलला, आणि मला अर्थातच उचललं. तबेल्यात शिंगरू उभं होतं. चारही पाय चार दिशांना, आणि मध्ये कुठेतरी हडकुळं अंग. पण उभं होतं, चांदणीला ढुशा देत होतं. हिराबाय रडत होती, दामू रडत होता, आणि मी तर त्या दिवसांत कशानेही रडायचे. बाई मात्र शिंगराच्या बरगड्या मोजल्यासारखं बघून म्हणाल्या, "व्वा! अंगावर चरबीचं नाव नाही. एवढ्या जाड वारेतून तूप येणार किती! अगदी हवं तसं."

वार एका घमेल्यात काढून ठेवली होती आणि दामूने झाडाखाली खड्डा खणला होता. बाई डबा घेऊन पुढे झाल्या. हिराबाय घमेल्याच्या आड उभी राहिली. "बाय, दामूने शब्द दिला तो सोताला इचारून दिला. मना नाय इचारला. आमच्यात वार मातीन जाते. शिंगराची सावली असते ती. बाहेर देत नाय."

एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते दोन हातांवर होतं. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "बरं." मी भडकले. "बरं काय बरं? सात दिवस उपाशी राहिलात त्याचं काय?" बाई हळूच म्हणाल्या, "गप गं. उपास शिंगरासाठी होता. वारेसाठी केला असता तर त्याला सौदा म्हणतात." मग हिराबायला एवढंच विचारलं, "नुसती बघू का?" हिराबायने मान हलवली. बाईंनी गोणपाटावर वार पसरली, वीतभर नाही, चांगली पसरट, एका अंगाने लाल मखमल. "बघ इतिहास, हे गज," त्या म्हणाल्या आणि तिच्यावरून हात फिरवत राहिल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या लपवतही नव्हत्या.

हिराबाय बघत होती. मग आत गेली, सुरी आणून पाण्याने धुतली, आणि वारेचा तळहाताएवढा तुकडा कापून तिने स्वतः डब्यात ठेवला. "मधला मानूस थोडा ठेवतोच," ती म्हणाली. "तूच बोललेलीस ना? ह्या तुझा."

परतताना रिक्षावाल्याने विचारलं, "मावशी, डब्यात मटण काय?" बाई आनंदाने म्हणाल्या, "नाही रे, घोडीची वार!" पुढे नौपाड्यापर्यंत त्याने आरशातसुद्धा पाहिलं नाही.

त्या तुकड्यावर बाईंनी काय काय केलं ते मला समजलं नाही. काचेच्या पट्ट्यांवर ठिपके उमटले की त्या मला खाली प्रयोगशाळेत ओढून न्यायच्या आणि मी "अरे वा" म्हणायचे. एवढं कळलं की त्या डॉक्टर झाल्या आणि पोरं त्यांना डॉक्टर तूपबाई म्हणू लागली. शिंगरानंतर महिन्याने मला मुलगी झाली होती. बाई दवाखान्यात आल्या त्या थेट नर्सकडे वार बघायला मागत. नर्सने हाकलल्यावर बाळाकडे वळल्या. "गुटगुटीत आहे. माणसाची वार सढळ हाताची. पण शिंगरू तासाभरात उभं राहिलं, ही वर्षभर लोळणार." माझ्या सासूबाई त्यांच्याशी पुढे कधीच नीट बोलल्या नाहीत.

शिंगराचं नाव दामूने लाडू ठेवलं. त्याच्यावर बसून ठाण्यातले कितीतरी नवरदेव मिरवले. बाई निवृत्त झाल्या तेव्हा दामू त्याच लाडूला सजवून, बँड घेऊन कॉलेजच्या दारात आला, आणि आमची काटकुळी बाई फुलांच्या माळा घालून, पुढ्यात माझ्या मुलीला बसवून, नौपाड्यातून मिरवत घरी गेली. वाटेत लोक विचारत होते, लग्न कोणाचं? भूगोल सर पुढे नाचत होते, मिशांसकट. म्हातारी हिराबाय रिक्षातून मागे मागे येत ओरडत होती, "नीट बस बाय, परशील!"

मग बाई नागपूरला मुलाकडे जायला निघाल्या, कायमच्या. त्यांची गाडी कल्याणला थांबायची, म्हणून मी डोंबिवलीहून तिथे गेले. रात्री हौसेने शेंगदाण्याचे लाडू केले होते. रिक्षा फाटकाशी अडकली आणि मी फलाटावर पळत पोचले तेव्हा शिट्टी झालेली. डब्यात चढायला वेळ नव्हता. बाई खिडकीत होत्या. मी लाडू पुढे केला. तो गजांना टेकला आणि थांबला.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि एकदम खो खो हसत सुटलो. "फोड, इतिहास, फोड!" बाई ओरडल्या. मी फोडला. भुगा गजांतून त्यांच्या ओंजळीत सोडला. त्यांनी जिभेचं टोक ओठाबाहेर काढून लाडू वळला आणि मला दाखवला. दिला होता त्याहून लहान झाला होता. "बघ," त्या म्हणाल्या. हसता हसता त्यांना रडू आलं होतं आणि मलाही. "वाटेत थोडं राहतंच गं."

गाडी हलली. मी दोन पावलं चालत खिडकीच्या पट्टीवर सांडलेलं सगळं कूट मुठीत गोळा केलं. बाईंचा हात दिसेनासा झाला, तेव्हा तिथेच फलाटावर उभी राहून मी ते खाल्लं. ते माझं होतं.